टाकीचं व्हेंट खरंच मोकळं आहे का, हे हवा फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतः किटमधून बांधलेलं, खालच्या पंखाचं दोन आसनी विमान. दोन्ही पंखांत प्रत्येकी 75 लिटरची टाकी. विमान महिनाभर हँगरमध्ये उभं होतं. नंतरच्या पहिल्याच उड्डाणात डावी टाकी साधारण अर्धी भरलेली होती. तिच्यावर पंधराएक मिनिटं उडाल्यावर इंधनाचा दाब घसरायला लागला आणि टाकी निवडायचा सिलेक्टर उजवीकडे करताच सावरला. उतरल्यावर डावं झाकण सैल केलं तर फुस्सकन हवा आत गेली. व्हेंटचं, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीचं, तोंड मात्र बाहेरून स्वच्छ दिसतं. आता नळी साफ कशी करावी, तोंडाला जाळी बसवली तर पुरेल का, आणि खबरदारी म्हणून झाकणालाच बारीक भोक पाडावं का, असं विचारलं आहे.

सगळ्यात आधी, ती टाकी पूर्ण तपासून होईपर्यंत विमान उडवू नका. आणि पंपाला हात लावू नका. असा दाब घसरला की बहुतेक जण आधी पंप बदलतात, मग फिल्टर, मग सेन्सर. झाकणातून हवा आत गेली म्हणजे निदान तिथेच झालं: टाकीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब होता, म्हणजे इंधन निघून गेलं पण त्याची जागा घ्यायला हवा आली नाही. तोंड स्वच्छ दिसतं यावर अजिबात विसंबू नका. व्हेंटचं तोंड म्हणजे दोन-तीन मीटर लांब नळीचं फक्त शेवटचं बोटभर टोक. बाकीची नळी पंखाच्या टोकाकडून मुळापर्यंत, तिथून फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, कडेने वर, वळसा घेऊन परत खाली अशी फिरते. त्यातलं काहीही प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या पाहणीत, डोळ्यांना दिसत नाही.

इंजिनाला ताशी 30 लिटर इंधन लागतं असं धरलं, तर मिनिटाला अर्धा लिटर हवा टाकीत यायला हवी. हे फार नाही. एक मिलिमीटर व्यासाचं स्वच्छ भोकसुद्धा एवढी हवा सहज आत घेतं. म्हणूनच व्हेंट नव्वद टक्के बुजलं तरी काहीच जाणवत नाही. विमान महिनोन्‌महिने व्यवस्थित उडत राहतं आणि उरलेली फट बंद झाली की एकदम अंगावर येतं. अधलीमधली पायरी नसते.

पूर्ण बंद झाल्यावर किती वेळ मिळतो, हे टाकीत किती हवा आहे त्यावर ठरतं, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टाकी काठोकाठ भरली असेल आणि वर जेमतेम दोन लिटर हवा असेल, तर मिनिटाभरात ती पाचव्या हिश्शाने पातळ होते. टेकऑफनंतर लगेच, नको त्या उंचीवर, इंजिन अडखळतं. टाकी अर्धी असेल तर वरची 37 लिटर हवा बराच वेळ ताणली जाते. तुमच्या पंधरा मिनिटांत साडेसात लिटर इंधन गेलं, म्हणजे हवेची जागा 37 वरून 44-45 लिटर झाली. इंधनाच्या वाफेचा दाब वजा केला तरी टाकीतला दाब ढोबळमानाने 100 हेक्टोपास्कलने उतरला असणार. दाब उतरला की नळीतलं इंधन लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पंप वाफ ओढायला लागतो. मोटारीचं पेट्रोल वापरत असाल तर हे आणखी लवकर होतं, कारण त्याचा वाफदाब विमानाच्या पेट्रोलपेक्षा साधारणपणे जास्त असतो.

यातून एक गोष्ट उघड होते: रनअपमध्ये, म्हणजे टेकऑफआधी जमिनीवर इंजिन चालवून बघताना, हा दोष सापडत नाही. पाच-सात मिनिटं टॅक्सी आणि रनअप मिळून एखाद लिटर इंधन जातं. अर्ध्या टाकीत त्याने काही फरक पडत नाही. "रनअपला दाब बरोबर होता" याचा व्हेंटपुरता काहीही अर्थ नाही.

उंच पंखाच्या, पंपाशिवाय फक्त उंचीच्या जोरावर इंधन उतरणाऱ्या विमानात गोष्ट अजून नाजूक असते. टाकी कार्ब्युरेटरच्या 60 सेंटिमीटर वर असेल, तर त्या स्तंभाचा दाब सुमारे 42 हेक्टोपास्कल, बस्स. टाकीतला दाब तेवढा उतरला की इंधन खाली यायचं थांबतं. पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडून तो उलटा धरला की दोन धारांनंतर तेल अडतं, अगदी तसंच. तिथे बूस्ट पंपाचा, म्हणजे इंधन ढकलणाऱ्या जादा पंपाचा, आधारही नसतो.

मग उतरणं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण याबद्दल फारसं बोललं जात नाही. खाली येताना बाहेरचा दाब वाढत जातो, तसा टाकीतलाही वाढायला हवा, म्हणजे व्हेंटमधून जास्तीची हवा आत यायला हवी. मिनिटाला 500 फूट उतरत असाल तर बाहेरचा दाब मिनिटाला सुमारे 18 हेक्टोपास्कलने वाढतो, जवळजवळ दोन टक्के. टाकीत 40 लिटर मोकळी जागा असेल तर तेवढ्यासाठीच मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर हवा लागते. कमी पॉवरवर उतरणारं इंजिन तेव्हा जेमतेम पाव-एक लिटर मागत असतं. म्हणजे व्हेंटवर खरा ताण क्रूझमध्ये, एका उंचीवर सरळ उडताना, नसतो. जवळजवळ रिकाम्या टाकीने झपाट्याने उतरताना असतो. अर्धवट बुजलेलं व्हेंट क्रूझला निभावून नेतं आणि उतरण्याआधी धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये शिरताना दगा देतं.

आणि तेव्हा पत्र्यावर काय येतं ते बघा. 100 हेक्टोपास्कलचा फरक अर्ध्या चौरस मीटर पत्र्यावर म्हणजे सुमारे 500 किलोंचं वजन. पातळ ॲल्युमिनियमची टाकी बाहेरचा एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते. आधी पत्रा "टणक्" करून आत बसतो, मग बॅफलचे, म्हणजे टाकीच्या आडभिंतींचे, रिवेट ताणतात, सीलंट उकलतं.

हवेतच हे झालं तर काय करायचं, तेही इथेच सांगतो. तुम्ही टाकी बदललीत ते अगदी बरोबर केलंत. बदलल्यावर परत त्या टाकीवर जाऊ नका, "आता ठीक असेल" म्हणून बघायलाही नाही. बूस्ट पंपाने दाब तात्पुरता सावरतो, पण बंद टाकीतून आणखी जोर लावून ओढलं की पोकळी वाढतेच, तेव्हा टाकी बदलेपर्यंतच्या क्षणांपुरताच त्याचा आधार घ्या. जवळच्या धावपट्टीकडे हळूहळू उतरा, बुडी मारू नका. कारण वर सांगितलंच आहे.

बुजतं कशाने? पहिला संशयित कुंभारमाशी. तिला पेन्सिलीएवढ्या जाडीचं, पावसापासून आडोशाला असलेलं भोक हवं असतं, आणि पाव इंची व्हेंट नळी तिला जणू मापाने बनवलेली मिळते. ती आत जाऊन मातीचं घर बांधते, त्यात कोळी भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपते. कधी बाहेरच्या टोकाला, कधी दोन-तीन इंच आत, जिथे टॉर्च मारूनही नीट दिसत नाही. तिला वेळ किती लागतो म्हणाल, तर 2013 साली ब्रिस्बेनला एका ए-330 विमानाचा पिटो (हवेतला वेग मोजायची नळी), विमान जमिनीवर उभं असताना अवघ्या दोन तासांत मातीने बंद झाला होता आणि टेकऑफनंतर विमानाला परत यावं लागलं. तुमचं विमान महिनाभर उभं होतं.

दुसरा संशयित कोळी, आणि याला लोक उगाच हलक्यात घेतात. यलो सॅक जातीच्या कोळ्यांना पेट्रोलच्या वासाचं आकर्षण असतं. 2011 साली माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे 65,000 मोटारी याच कारणासाठी परत बोलावल्या: कोळी टाकीच्या व्हेंट नळीत जाळं विणत होते, त्याने टाकीत पोकळी तयार होऊन टाकीला तडा जाण्याचा धोका होता. कोळ्याचं जाळं बाहेरून दिसत नाही, त्याला मातीचा रंग नसतो, आणि तुमच्यासारख्या "तोंड स्वच्छ, नळी बंद" अशा प्रकरणात मला आधी त्याचीच शंका येते.

बाकीची कारणं माणसाने केलेली असतात. रंगकाम करताना तोंडावर लावलेली मास्किंग टेप वरून रंग बसल्यामुळे तशीच राहते. पॉलिशचा गोळा जाळीत वाळतो. जोडणीपाशी नळीचं फ्लेअर, म्हणजे फुलवलेलं टोक, जास्त आवळून चेपलेलं असतं. केबिनमध्ये पॅनेलच्या मागे मऊ प्लास्टिकची नळी वापरली असेल, तर ती उन्हाने नरमून वळणावर चपटी होते. प्रत्येक वळण हाताने चाचपून बघा. आणि नळीला मध्येच झोळ आला असेल तर तिथे पाणी किंवा इंधन साचतं. दहा सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे 10 हेक्टोपास्कलचा अडथळा, थंडीत तेच पाणी गोठलं की पक्कं बूच. प्रमाणित छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत, जुन्या कलम 23.975 मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं होतं: व्हेंट टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघावं, आणि नळीत ओल साचेल अशी जागा असू नये, असलीच तर निचऱ्याची सोय असावी. किट विमानाला ते कलम बंधनकारक नाही. तरी बांधताना ते समोर ठेवून नळी टाकावी, असं मी प्रत्येक बांधणाऱ्याला सांगतो.

आता साफसफाई. बाहेरून तार खुपसू नका. तारेने माती आत ढकलली जाते, वळणात घट्ट बसते किंवा टाकीत पडते, आणि मग तेच खडे फिंगर स्ट्रेनरवर, म्हणजे टाकीतून इंधन निघतं तिथल्या गाळणीवर, येतात. पंखाच्या मुळाशी टाकीचं आणि फ्यूजलाजचं जिथे जोडणीचं फिटिंग असतं, तिथे नळी सोडवा. आधी आजूबाजूला ठिणगी होईल असं काही नाही, विमानाला अर्थिंग लावलं आहे, हे बघा. नळीत पेट्रोल असू शकतं. मग दोन तुकडे वेगवेगळे तपासा. फ्यूजलाजचा तुकडा: बाहेरच्या टोकाची जाळी काढा आणि मुळाकडून बाहेरच्या दिशेने गवत कापायच्या यंत्रात असते ती नायलॉनची दोरी सरकवा. ती वळणं घेते, ॲल्युमिनियम खरवडत नाही. माती लागली तर थोडं पाणी सोडून ती भिजू द्या, मग बाहेरच्याच दिशेने हवा मारा, आणि शेवटी नळी पूर्ण वाळेपर्यंत कोरडी हवा. हा तुकडा टाकीपासून सुटलेला आहे म्हणूनच इथे कॉम्प्रेसर चालतो.

टाकीकडच्या तुकड्याला कॉम्प्रेसर कधीही लावू नका. या टाक्यांची गळती चाचणी जेमतेम 1 पीएसआयपर्यंत करतात. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या शंभरपट दाब असतो, आणि टाकी फुटायला क्षण पुरतो. तिथे रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा घ्या. टाकीचं झाकण उघडा, फुगा व्हेंटच्या फिटिंगला मऊ नळीने जोडा आणि दाबा. हाताला अडथळा जाणवता कामा नये आणि झाकणाजवळ कान नेला तर हवा आल्याचा आवाज यायला हवा. टाकी पूर्ण भरलेली असेल तर बुडबुडे ऐकू येतील, म्हणून इंधन थोडं उतरवून मगच करा. तोंडाने फुंकायची सवय अनेकांना असते. फुंकणं चालेल, पण चुकून श्वास आत घेतला तर पेट्रोलची वाफ थेट छातीत जाते. फुगा बरा.

नळी परत जोडल्यावर हीच परीक्षा बाहेरच्या तोंडाकडून करा, आणि पुढे ती नेहमीच्या कामात घ्या. विमान आठवडाभराहून जास्त उभं राहिलं की उडण्याआधी फुगा लावायचा, दोन्ही बाजूंना. मिनिटभराचं काम आहे. टॉर्च मारून "दिसतंय मोकळं" म्हणण्यापेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त.

इंधनप्रवाहाची चाचणीही पुन्हा करा. विमान बांधून झाल्यावर ती केली असेलच: नाक चढाईच्या कोनात वर, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून बादलीत इंधन मोजायचं, पंपाच्या व्यवस्थेत टेकऑफच्या गरजेच्या 125 टक्के आणि नुसत्या उंचीवर चालणाऱ्या व्यवस्थेत 150 टक्के प्रवाह मिळायला हवा. पण बहुतेक जण ही चाचणी झाकण उघडं ठेवून करतात, म्हणजे व्हेंट त्यातून बाहेरच राहतं! झाकणं घट्ट लावा आणि चार-पाच लिटरवर थांबू नका. निदान पंधरा-वीस लिटर सलग काढा आणि प्रत्येक पाच लिटरला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. शेवटच्या पाच लिटरला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर एक फेरी झाकण उघडं ठेवून घ्या. पातळी उतरल्यामुळे पडणारा फरक तिथेही दिसेल. फक्त बंद झाकणाने दिसणारा फरक हा व्हेंटचा.

जाळीचं उत्तर: हो, बसवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. इंचाला आठ-दहा तारांची स्टेनलेस जाळी कुंभारमाशीला अडवते, बारीक कोळ्याला नाही. याहून बारीक जाळी घेतली तर ती रंगाने, धुळीने, बर्फाने आधी बुजते. जाळी तोंडाशी अगदी काठाला हवी. ती आत सरकवलेली असली की तिच्या पुढे बोटाच्या पेरभर खोबण उरते आणि माशीला तेवढं घर पुरतं. हँगरमध्ये उभं असताना लाल पट्टीची टोपी जरूर लावा, पण घट्ट रबरी बूच नको. ते विसरून उडालात तर व्हेंट तुम्हीच बंद केलेलं असेल. शिवाय उन्हात पेट्रोल अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. 75 लिटरची भरलेली टाकी 20 अंशांनी तापली तर दीड लिटरला जागा हवी, आणि ती बूच लावल्यामुळे मिळत नाही. जाळीच्याच कापडाची टोपी शिवा, जी विसरली तरी हवा जाऊ देईल, आणि ती पिटोच्या टोपीला एकाच दोरीने बांधा.

आता झाकणाचं भोक. हे मात्र करू नका. तुमच्या विमानात झाकण पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर आहे, आणि तिथे उडताना दाब कमी असतो. भोकातून हवा आत येणार नाही. उलट टाकीतली हवा आणि इंधन बाहेर ओढलं जाईल. पोटाखालचं व्हेंट मात्र पुढे तोंड करून, 45 अंशांत कापलेलं, मुद्दाम वाऱ्यात दिलेलं असतं. 120 नॉट वेगाला त्यावर जास्तीत जास्त 23 हेक्टोपास्कलचा रेटा येतो, म्हणजे इंधनाचा सुमारे 33 सेंटिमीटर स्तंभ. हा रेटा पंपाला मदत करतो. झाकणाला भोक पाडलंत की तो रेटा तिथूनच निघून जाईल, आणि पावसात पाणी आत येईल ते वेगळंच. उंच पंखाच्या काही किट विमानांत झाकणातूनच व्हेंट दिलेलं असतं, पण तिथे त्यातून एक नळी वर काढून पुढे वळवलेली असते. ते झाकण उलटं, तोंड मागे करून बसवलं की तीच नळी टाकीतून ओढायला लागते. त्यामुळे त्या विमानांत झाकणाची दिशा प्रीफ्लाइटला पाहायलाच हवी.

पर्यायी वाट हवीच असेल, तर व्हेंट नळीलाच, वाऱ्यापासून आडोशाला, मागच्या बाजूने एक मिलिमीटरचं भोक पाडतात. फ्यूजलाजच्या आत मात्र नाही, नाहीतर इंधनाची वाफ केबिनमध्ये येईल. तोंड बर्फाने किंवा मातीने बुजलं तर त्यातून इंजिनापुरती हवा येते. पण वर सांगितल्याप्रमाणे उतरताना ती अपुरी पडू शकते, आणि अडथळा त्या भोकाच्या वरच्या अंगाला, म्हणजे टाकीच्या बाजूला, असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. दोन्ही बाजूंना सारखं भोक पाडा. डाव्या-उजव्या तोंडाचा कोन किंवा भोक किंचित वेगळं असलं आणि रेट्यात दहा टक्के फरक पडला, तरी तो इंधनाच्या तीन सेंटिमीटर पातळीएवढा असतो. पंखातल्या उथळ टाकीत तीन सेंटिमीटर म्हणजे बरेच लिटर. दोन्ही टाक्या जोडलेल्या असतील तर एक टाकी दुसरीच्या आधी रिकामी होण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

शेवटी तुमच्या डाव्या टाकीविषयी. तिच्यावर एकदा पोकळीचा ताण येऊन गेला आहे. नळी साफ झाल्यावर लगेच उडू नका. वरचा आणि खालचा पत्रा तिरप्या उजेडात बघा, रिवेटच्या रांगेत कुठे खड्डा किंवा लाट दिसते का. टाकीच्या मागच्या बॅफलच्या सांध्यावर बोट फिरवा, निळा डाग किंवा चिकटपणा लागतो का ते बघा. मग टाकीच्या बाकी सगळ्या वाटा बंद करून व्हेंटला साधा रबरी फुगा लावा, अगदी हलकी हवा भरा आणि रात्रभर ठेवा. तापमान बदललं की फुगा लहान-मोठा होतो, म्हणून संध्याकाळचं आणि सकाळचं तापमान लिहून ठेवा. सकाळी फुगा बसलेला दिसला तर झाकण, ड्रेन आणि फिटिंगला साबणाचं पाणी लावून बघा. तिथे बुडबुडे नसतील तर सीलंट उकललं आहे असं धरा, टाकी पंखातून उतरवा, आणि फ्लोटचा, म्हणजे इंधनाची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा, तारेचा हात वाकला आहे का हेही त्याच वेळी पाहून घ्या. पत्रा आत बसला तेव्हा तो त्यावर टेकला असेल तर गेज आता खोटं दाखवत असेल.